दुसरी फेरी

९ डिसेंबर

लाडके मुंगे,

तुझं पत्र आलं. मोजून चार ओळी! सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलंस, 'तुमची वेळ संपली' म्हणून लोकांचे फोन तोडलेस, ती सवय आता पत्रांनाही लागली की काय? निवृत्त झालीस आणि घरातला फोनसुद्धा काढून टाकलास. 'जन्मभर दुसऱ्यांना जोडून दिलं, आता मला कुणाशी जोडू नका,' म्हणालीस. बरं बाई, नाही जोडत. पण मग पत्र तरी ऐसपैस लिही ना. 'दिवस बरे जातात. थंडी आहे. दादाला जप.' एवढ्याने माझं पोट भरत नाही. काय रांधतेस, कुणाशी भांडतेस, शेजारचा कुत्रा अजून तुझ्याच पायपुसण्यावर झोपतो का, ते सगळं लिही. भाऊजी होते तेव्हा तुझी पाकिटं अशी फुगून यायची की पोस्टमन हातात तोलून बघायचा. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली. मला अजून वाटतं, आत्ता दारात उभे राहतील आणि बूट न काढताच विचारतील, 'वहिनी, वास कसला येतोय?'

असो. मुद्द्याचं लिहिते. या सुट्टीला नेहमीसारखी आठवडाभर ये. मुलगा, सून आणि नात तिघंही पलीकडच्या गल्लीतून इथेच राहायला येणार आहेत. खिडकीची खोली तुझीच. गादी उन्हात टाकली आहे.

मात्र या वर्षी घरात राज्य बदललं आहे. तुझ्या दादांची साखर फार वाढली. आमच्या डॉक्टरीणबाई आहेत अगदी कोवळ्या, पण जीभ कशी, कात्रीसारखी. म्हणाल्या, 'आजोबा, अकरा महिने पथ्य पाळता आणि सुट्टीच्या दहा दिवसांत सगळं धुऊन टाकता. या वेळी तसं केलंत तर पुढचं आपलं बोलणं इन्सुलिनच्या सुईतून होईल.' तुझे दादा तिथे शहाण्यासारखे मान डोलावत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, 'पोरगी हुशार आहे. चल, कुठेतरी कॉफी आणि केक घेऊ.'

त्यांना एकट्याला वेगळं वाढून उपयोग नाही, ते तुलाही ठाऊक आहे. गेल्या वर्षी तू आणलेली लोण्याची बिस्किटं त्यांनी न्हाणीघरात बसून संपवली. नळ सोडून ठेवला होता, चावण्याचा आवाज येऊ नये म्हणून! तेव्हा मी ठरवलं की पथ्य सगळ्या घराचं. मोठी ताटं माळ्यावर गेली. सगळ्यांना केकच्या लहान ताटल्या. वाढायचं एकदाच. आणि आग्रह बंद. 'माझ्यासाठी एवढा एकच घास', 'नाही घेतलंस तर मला वाईट वाटेल', ही जी आपल्या घराण्याची जुनी भाषा आहे ना, ती या सुट्टीत कुणी बोलायची नाही. नको म्हणजे नको. नातीला तर नियम असे पाठ झालेत की तिच्या खेळण्यातल्या अस्वलालासुद्धा ती एकदाच वाढते.

तुझी काळजी नाही. तू पहिल्यापासून चिमणीच्या चोचीने खाणारी. उलट मला तुझी मदत होईल. बिस्किटं आणू नकोस.

कॉन्व्हेंटच्या निवासी शाळेत जेवणाच्या हॉलची मॉनिटर केली होती मला मदरनी, तेव्हापासून तू मला त्याच नावाने चिडवतेस. आता खुशाल चिडव, या वर्षी खरीच आहे.

तुझी,
मॉनिटर


३० डिसेंबर

प्रिय मुंगीस,

पोहोचल्याचं पत्र अजून नाही. डोकं दुखायचं थांबलं का? तीन दिवस आधीच निघालीस, घर एकदम रिकामं वाटलं. तुला गाडीत बसवून दिलं तेव्हा तू पलीकडच्या खिडकीतून बघत होतीस. मी इकडे हात हलवत उभी, वेड्यासारखी.

आधी चांगली बातमी. तुझ्या दादांची साखर खाली आली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, 'आजी, हे तुम्ही कसं जमवलंत?' मी म्हटलं, 'शिस्त.' तुझे दादा म्हणाले, 'हुकूमशाही.' पण खूश आहेत. पट्टा एक भोक आत गेला, तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

खरं सांगू, मला वाटलं होतं पहिल्याच रात्री बंड होईल. भाजलेली कोंबडी, बटाटे, वाटाण्याचं सूप, आणि ताटली एवढीशी. मुलाने तर विचारलं, 'आई, बाकीचं ताट कुठे आहे?' पण तू किती गोड वागलीस. मी बटाट्यांचं पातेलं घेऊन तुझ्यापाशी आले, तू ताटलीवर हात आडवा धरलास, 'नको गं, पुरे.' दुसरं वर्ष असतं तर मी तुझा हात बाजूला करून वाढलंच असतं. या वेळी पातेलं सरळ पुढे नेलं. तू माझ्याकडे बघून हसलीस. मला वाटलं, शाबासकी देते आहेस.

आणि किती सडपातळ झाली आहेस! तो निळा स्वेटर अंगावर कसा मोकळा बसला होता. मी सगळ्यांसमोर म्हटलंच, 'बघा, आत्यांकडून शिका. या वयात अशी तब्येत राखायची म्हणजे खायचं काम नाही.' त्यावर तुझे दादा म्हणाले, 'खायचं काम नाही हे मात्र खरं.' आठवतं, किती हसलो आपण?

सूनबाईचं एक वेगळंच. ती म्हणते, आत्या डोकेदुखीने गेल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी नाश्त्याला तू पावाचा दुसरा तुकडा उचललास, तेव्हा आमची चिमुरडी बोट वर करून ओरडली ना, 'आत्याआजी, एकदाच!' अगदी माझ्यासारखं, भुवई उडवून. मुलगा म्हणाला, 'आई, तुझी गादी चालवायला वारस तयार झाला.' सगळे हसले. तूही हसलीस. तुकडा टोपलीत परत ठेवलास, बोटं झटकलीस आणि म्हणालीस, 'बरोबर आहे बाई तुझं.' दुपारी बॅग भरलीस.

सून म्हणाली, 'आई, आत्यांना लागलं ते.' मी तिला म्हटलं, 'अगं, मी तिला ओळखते. आम्ही एका बाकावर बसून मोठ्या झालो. सहा वर्षांच्या पोरीचं मनाला लावून घेणारी ती नव्हे.'

नव्हेस ना?

वाटेत खायला म्हणून गाजराच्या केकचा तुकडा डब्यात घालून दिला होता, तो डबा टेबलावरच राहिला. तुझ्या दादांनी पाहायच्या आत मी तो नातीला दिला.

उत्तर लिही.

तुझी,
वहिनी


१९ जानेवारी

वन्संना सादर नमस्कार,

हो, वन्संच. मैत्रिणीला पत्र लिहिलं, तिने उत्तर दिलं नाही. आता नवऱ्याच्या बहिणीला लिहून बघते. ती तरी नात्याची भीड ठेवील.

तुझ्या दादांनी तुला पाठवलेलं कार्डही अनुत्तरित आहे. ते बोलत नाहीत, पण पोस्टमन आला की बाल्कनीत जाऊन उभे राहतात आणि मी पाहिलं की कुंडीतली माती उकरतात. ते झाड आता मरायला टेकलं आहे.

मुंगे, राग आला असेल तर भांड की माझ्याशी. तुला काय कमी भांडता येतं? एक्स्चेंजमधल्या साहेबाला तू टेबलावर हात आपटून सुनावलं होतंस. माझ्याकडे मात्र चार दिवस 'नको', 'पुरे', 'झालं माझं', आणि पाचव्या दिवशी अबोला. भूक होती तर 'वहिनी, वाढ' म्हणायचं होतं. मी काय तुझी परकी आहे? सासूबाई गेल्यानंतर हे घर जितकं माझं तितकंच तुझं, असं मी तुला कितीदा सांगितलं.

हे सगळं लिहून मला बरं वाटलं नाही. थोडं जुनं लिहू का? जुनं लिहिलं की तू विरघळतेस.

परवा चिमुरडीला शाळेतल्या जेवणाची गोष्ट सांगत होते. तुला आठवत असेलच. सिस्टर पातेलं घेऊन आधी एक फेरी मारायच्या. त्या फेरीला ताटली पुढे करायची नाही. 'नो, थँक यू, सिस्टर,' म्हणायचं आणि मांडीवर हात ठेवून बसायचं. पोटात कावळे कोकलत असले तरी. पहिल्याच फेरीला ताटली धरणारी मुलगी म्हणजे हावरट, वाईट वळणाची. सिस्टर दुसऱ्यांदा आल्या की मग खुशाल घ्यायचं. आणि मग एकदा आपल्या सिस्टर आजारी पडल्या, त्यांच्या जागी ती नवी, उंच सिस्टर आली. तिला बिचारीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने एक फेरी मारली. सगळा हॉल एका सुरात, 'नो, थँक यू, सिस्टर.' तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ती निघून गेली! सगळ्या मुली तोंडं वासून दाराकडे बघत राहिलो. मी मॉनिटर, पण माझीही हिंमत झाली नाही तिला हाक मारायची. त्या रात्री तू मोज्यात लपवलेले साखरेचे खडे काढून सगळ्या खोलीला एकेक वाटलेस, आणि मुंगी हे नाव तुला तेव्हा पडलं. चिमुरडीला इतकं हसू आलं! म्हणाली, 'पण त्या मुलींनी हवं का नाही म्हटलं?' मी म्हटलं, 'अगं, तशी रीत होती.'

हसलीस ना? आता लिही.

तुझीच


१० फेब्रुवारी

मुंगे,

सूनबाई काल तुझ्या गावाहून परतली. तिथल्या एका इमारतीच्या लिफ्ट तपासायला कंपनीने पाठवलं होतं, काम लवकर संपलं म्हणून तुझ्याकडे डोकावली, हे तुला माहीतच आहे. आमच्याकडे काही सांगू नकोस असं तू तिला बजावलंस. पण तिने सांगितलं. तिला रागावू नकोस. आल्यावर चप्पलसुद्धा न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, 'आई, आत्या जेवत नाहीत.'

मी म्हटलं, 'जेवत नाहीत म्हणजे?'

'म्हणजे जेवत नाहीत. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. पट्ट्याला सुईने नवी भोकं पाडली आहेत. मी जेवून जाते म्हटलं तर गडबडल्या. घरात शिजवण्यासारखं काही नव्हतंच. चहा आणि टोस्ट, दोन्ही वेळा तेच. म्हणाल्या, एकटीसाठी काय भांडी खरकटी करायची.'

ती तुला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली, जिना उतरताना तू दोनदा कठडा धरून थांबलीस, डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि आजार कुठलाच सापडला नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले ना, 'यांना औषध नको, अन्न हवं'? आणि असंच चाललं तर पुढच्या थंडीचं ते काही सांगू शकत नाहीत, असंही म्हणाले. ते तुझ्यासमोर म्हणाले की तिला बाजूला घेऊन, हे मी विचारलं नाही.

मग सून चप्पल काढायला वाकली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, 'परतताना आत्या रिक्षात हसत हसत म्हणाल्या, तुमच्याकडे सुट्टीत येते ना, तेव्हा वर्षाचं खाऊन घेते गं. चार माणसं असली की घास उतरतो. या वर्षी जरा उपास घडला.'

मुंगे, मी ते ऐकलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. कशाला गेले ते आठवत नाही. ओट्यावरच्या त्या लहान ताटल्या एकावर एक रचलेल्या होत्या. मी त्या धुतलेल्याच ताटल्या पुन्हा धुतल्या.

मी किती वेडी. एका माणसाचं खाणं कमी करायचं होतं, म्हणून सगळ्यांच्या ताटल्या एका मापाच्या केल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते मी स्वतः आग लावून करून दाखवलं. तू माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली होतीस. स्वेटर लोंबत होता, मी त्याला छान म्हटलं. तुझं नाव घेऊन इतरांना धडा दिला. आणि ती शाळेची गोष्ट, दुसऱ्या फेरीची, ती मीच तुला लिहून पाठवली! हसलीस ना, असंही वर विचारलं. लिहिताना मला एकदासुद्धा उमगलं नाही की ती उंच सिस्टर कोण. मला सांग, वाचून तुला काय वाटलं? नको, सांगू नकोस.

तुझ्या दादांना मी रात्रीपर्यंत सांगितलं नव्हतं, पण भिंतीला कान असतात आणि त्यांचे तर चांगलेच तीक्ष्ण आहेत. जेवायला बसले, ताटली पुढे सरकवली आणि म्हणाले, 'आमच्या घरात सगळेच ताकाला जाऊन भांडं लपवणारे. तिला नको म्हणता येतं, हवं म्हणता येत नाही. मलाही कुठे येतं? म्हणून तर न्हाणीघरात खातो. आई तीन-तीनदा का विचारायची, तुला काय वाटलं? तिला दुसरा उद्योग नव्हता म्हणून?'

मी म्हटलं, 'तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?'

'मी माझ्या पट्ट्याची भोकं मोजत होतो,' म्हणाले. मग जेवलेच नाहीत. त्यांच्या साखरेला तेही बरं नाही, पण मी आग्रह कोणत्या तोंडाने करणार?

भाऊजी जेवताना तुझ्या ताटात न विचारता आपल्या ताटातलं सरकवायचे. 'हिचं नको म्हणजे अर्धं हो,' म्हणायचे, आणि तू चिडायचीस. मला तेव्हा ते जरा गावंढळ वाटायचं. आज वाटतं, त्या माणसाने तुला किती वर्षं असं बोलता बोलता जेवू घातलं, आणि आपल्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. ते गेले तेव्हा आम्ही सगळे तुझं रडणं सांभाळत होतो. तुझ्या ताटाचं कुणी विचारलंच नाही.

मी येते आहे. विचारत नाही, कळवते. येत्या रविवारच्या गाडीने.

मी


२४ फेब्रुवारी

मुंगे,

तू आत झोपली आहेस. दुपार आहे, मी तुझ्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. त्याच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली मी आज पुठ्ठ्याची घडी घातली, ती काढू नकोस. उद्या सकाळी मी निघते. तुझ्या दादांना एकटं ठेवून पुष्कळ दिवस झाले, आणि काल फोनवर ते इतकं गुणी बोलत होते की नक्की काहीतरी खाल्लं असणार. समोरासमोर बोलायला गेलं की तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र साखरेच्या बरणीला टेकवून ठेवते.

मी आले त्या दिवशी तू दार उघडलंस आणि म्हणालीस, 'काय मॉनिटर, तपासणीला?' मला वाटलं होतं तू रडशील, किंवा मी रडेन, किंवा दोघी. आपण दोघींनी मिळून माझी जड बॅग आत ओढली, बस.

मग मी काय केलं ते मला लिहायचं आहे, कारण ते जाताना बरोबर न्यायचं नाही. मी बाजारातून पिशव्या भरून आणल्या. सूप केलं, बटाटे केले, कोंबडी भाजली, सगळं तेच, जे सुट्टीत तुला पोटभर मिळालं नाही. तुझ्या फडताळातलं सर्वांत मोठं ताट काढलं. तू म्हणालीस, 'नको गं, एवढं नको.' मी पुन्हा विचारलं. पुन्हा नको. मी तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं, दाताच्या कण्या केल्या. शेवटी न विचारता वाढलं. तू दोन घास खाल्लेस आणि चमचा खाली ठेवलास.

'असं वाढू नकोस मला,' म्हणालीस. 'तुझा चेहरा बघ. परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. माझ्या घशात तो निकालच अडकतो.'

मी म्हटलं, 'मग काय करू? मी तिथे चुकले, मुंगे.'

'चुकलीस,' म्हणालीस. मला वाटलं होतं, नाही गं म्हणशील. तू कधीच कुणाला तोंडावर चुकलीस म्हणत नाहीस. 'पण सगळं स्वतःच्या नावावर करून घेऊ नकोस. ती तुझी जुनी खोड आहे. भूक तुझ्या घरी मेली नाही. ती आधीच मेली होती. तुझ्याकडे येईपर्यंत मी कशीबशी जिवंत ठेवली होती तिला, एवढंच. वाटलं होतं, तिथे उठून बसेल.'

मी ताट उचललं, तू फडकं फिरवलंस. उरलेलं पातेल्यात तसंच ओतलं.

त्यानंतर मी वाढायचं सोडलं. रांधते, ओट्यावर ठेवते, माझं मी खाते. तुला चहा-टोस्ट हवा असेल तर तू तो घेतेस, मी भुवई उडवत नाही. मला ते किती जड गेलं, याची तुला कल्पना नसेल. कधी तू तीन घास खाल्लेस, कधी नुसतं सूप. एकदा संध्याकाळी काहीच नाही, आणि मी बाजूला बसून वर्तमानपत्राची तीच ओळ वाचत राहिले. आपण जुन्या गप्पा मारल्या, भाऊजींच्या मारल्या. त्यांच्या बुटांचा जोड अजून दाराशी आहे, त्याला तू पॉलिश करतेस हे मी पाहिलं. पण माझ्या घराचा विषय निघाला की तू उठून पडदे नीट करतेस. पुढच्या सुट्टीला ये, असं म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी विचारलं. या पत्रातही म्हणणार नाही. यायचं की नाही ते तुझं. खिडकीची खोली आहे तिथेच आहे. एवढं मात्र मला कळून चुकलं आहे की त्या चार दिवसांत जे गेलं, ते आणखी वाढून परत यायचं नाही. त्याची भरपाई करता येईल अशी मला खात्री वाटत होती. गाडीत तर मी काय-काय रांधायचं ते घोकत आले होते.

आता जे लिहिते आहे, ते तुला कळू नये असं आधी वाटत होतं. पण आपल्या दोघींमध्ये न सांगितलेलं फार साचलं आहे.

काल दुपारी मी तुझ्या दादांना फोन करायला खाली फाटकाशी गेले होते, कारण तुझ्या घरात माझ्या मोबाईलला रेंज येत नाही. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, 'खाल्लं का तिने?' मी म्हटलं, 'बघते.' बोलणं लवकर आटोपलं. वर आले. दार मी ओढून घेतलं होतं, कडी लावली नव्हती. चोरून बघायला म्हणून नव्हे, तू झोपली असशील म्हणून चपला हातात घेतल्या होत्या.

तू झोपली नव्हतीस. ओट्यापाशी उभी होतीस, माझ्याकडे पाठ करून. सकाळचा बटाट्याचा रस्सा होता, गारढोण, वर तूप थिजलेलं. तू तो पातेल्यातूनच खात होतीस. ताटली नाही, चमचा नाही, वाढायच्या डावानेच. एका हाताने पातेल्याचा कान धरला होतास. पावाचा तुकडा काखोटीला मारल्यासारखा कोपराशी दाबून धरला होता, आणि मधून मधून कोपर उचलून, मान वळवून तो दातांनी तोडत होतीस. केस सुटले होते. शाळेत असं खाताना कुणी दिसलं असतं तर मदरनी आठवडाभर बागेत दगड वेचायला लावले असते. मी तुला लहानपणापासून ओळखते, पण इतकं मनापासून खाताना तुला कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या तोंडाशी आलं होतं, 'अगं, गरम करून देते.' ओठ उघडलेसुद्धा. मग तशीच मागे सरले, दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभी राहिले.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पिशवी घेऊन चढत होते. मला अनवाणी, हातात चपला घेतलेली बघून थांबले. म्हणाले, 'काय झालं? किल्ली विसरलात?'

मी म्हटलं, 'नाही, दार उघडंच आहे. माझी नणंद जेवते आहे.'

'मग?' म्हणाले.

मी त्यांना वाट करून दिली आणि पायरीवर बसले.

मी